बाना काढल्यानंतर

बाना जिभेतून ओढून काढला तेव्हा फारसं दुखलं नाही. तळ्याच्या काठावर मांदर वाजत होता, बायका डोक्यावरचे जवारे, म्हणजे नवरात्रात देवीपुढं उगवलेले गव्हाचे कोंब, पाण्यात सोडत होत्या आणि माझ्या अंगात नवरात्राच्या उपासाची गरगर होती. बैगानं, म्हणजे बस्तीतलं देवीचं सगळं करणाऱ्या पुजाऱ्यानं, ती बारीक लोखंडी सळई काढली, चिमूटभर भभूत जिभेवर दाबली आणि म्हणाला, "होगे बेटी, अब घर जा." मी आपल्या पायांनी चालत घरी आले. पोरीला मांडीवर घेतलं, पाजलं. ती पिता पिता झोपली.

ठणका उन्हं उतरल्यावर सुरू झाला.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईत कारखाना उभा राहत होता, माणसं लागत होती, म्हणून पोरीचे बाबा तिथं फिटर म्हणून लागले. लोखंडी सांगाडे उभे करायचं काम होतं, त्याला सगळे इरेक्शन म्हणत. सेक्टरांचे क्वार्टर अजून बांधून व्हायचे होते. आम्हाला कॅम्पात पत्र्याच्या छपराची एक खोली मिळाली होती. समोर लाल मुरमाचा रस्ता, त्यावरून दिवसभर डंपर जायचे, आणि स्वयंपाकाची भांडी वापरायच्या आधी पुन्हा विसळावी लागायची, इतकी धूळ. खोलीच्या मागं छत्तीसगढी लोकांची जुनी बस्ती होती. कारखाना यायच्या कितीतरी आधीपासूनची. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईला सगळे दाई म्हणत. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. माझं बाळंतपण तिनंच केलं, पोरीला पहिली आंघोळ तिनंच घातली. माहेर लांब, सासू वारलेली. माझ्याजवळ त्या मुलखात मोठं माणूस म्हणून तीच होती.

माघात पोरीला गोवर निघाला. अजून वर्षाची झाली नव्हती. दाई म्हणाली माता आली, मी म्हटलं माता आली, आणि पोरीचे बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. पुरळ मावळली पण छाती भरली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं की आता वाट पाहायची, अंगावरचं दूध तोडू नका, तेवढंच तिला तारेल. मी वाट पाहत बसले. ती डोळे उघडत नव्हती. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी देवीला म्हटलं, हिला ठेव, मी चैतात जिभेत बाना घेईन.

जीभच का, ते मला सांगता येत नाही. आदल्या वर्षी जवाऱ्याच्या मिरवणुकीत माणसांना गालातून, जिभेतून बाने घेऊन नाचताना पाहिलं होतं. घाबरून मी पदर डोळ्यांवर ओढला होता. ज्याची भीती वाटली तेच देऊन टाकावं, असं काहीतरी मनात आलं असेल.

पोर वाचली. चैत आला. दाईला मी नवस सांगितला. ती म्हणाली, फूल वाहा, नारळ दे, माता तेवढ्यानं खूश होते, बायका बाना घेत नाहीत. मी म्हटलं, बोलले आहे. तोंडातून शब्द गेला आहे. पोरीच्या बाबांना मी काही सांगितलं नाही, ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी ते शिफ्टवरून आले. मी भिंतीला टेकून बसले होते, पदराचा बोळा तोंडाशी धरून. लाळ थांबत नव्हती.

"काय झालं?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी कंदील जवळ आणला, वाकून पाहिलं आणि कंदील खाली ठेवून खाटेवर बसले.

"मले सांगायचं तरी होतं," ते म्हणाले. "मी काय नाही म्हनलो असतो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हनलो असतो," ते स्वतःच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीभ तोंडात मावेनाशी झाली. दात तिच्या कडांना रुतायचे. थुंकी गिळायची म्हटलं तरी कानापर्यंत कळ जायची, म्हणून मी मान खाली घालून लाळ एका वाटीत पडू देत असे. दाई आली. तिनं सांगितलं, सूज येतेच, दोन-चार दिवसांनी उतरते. बोलायचं नाही. ऊन काही प्यायचं नाही. मीठ नाही, तिखट नाही. थंड दूध, थंड पाणी, आणि कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं तोंड धुवायचं. तिनं ते पाणी स्वतः करून आणलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंबथेंब तोंडात सोडलं.

"झन गोठिया बेटी," ती म्हणत राहिली. बोलू नको. मी बोलत नव्हतेच. आवाज काढायला गेले तर नुसता अ यायचा, तोही ओला.

दाईनं सांगितलेले दिवस गेले, सूज उतरली नाही. जखमेच्या तोंडाशी राख आणि रक्ताची खपली धरली होती, तिच्या खाली काहीतरी धडधडायचं. तोंडाला वास यायला लागला. तो मला स्वतःलाच सहन होत नव्हता. पोरीचे बाबा कामावर जायच्या आधी पातळ पेज करून ठेवत. चमच्यानं ती घेता येईना, कारण चमचा जिभेला लागायचा. मग त्यांना पोरीचं बोंडलं सुचलं. त्याची चोच गालाच्या आतून सरकवायची आणि पेज हळूहळू घशाकडं सोडायची. मोठी बाई मी, बोंडल्यानं पेज पीत होते, आणि पेजेतली अर्धी तशीच ओठांवरून खाली यायची.

"चाल, दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"काहून नाही?"

मी पोरीकडं बोट दाखवलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. मला म्हणायचं होतं की हा सौदा तिच्यासाठी आहे. देवीला दिलेली जीभ डॉक्टरच्या हाती दिली, सुया टोचून घेतल्या, तर देवी म्हणेल की ही दिलेलं परत घेते आहे. मग ती पण तिचं परत घेईल. आज हे लिहिताना मला ते खरं वाटत नाही. तेव्हा त्याहून खरं काहीच नव्हतं. तोंड चालत असतं तर मी ते बोलले असते, त्यांनी मला रागावलं असतं, समजावलं असतं, आणि कदाचित ती भीती हवेत गेल्यावर विरली असती. तोंड बंद होतं, म्हणून ती आतच वाढत गेली.

ते चिडून कामावर निघून गेले. जाताना दारात थांबले, परत आले, माझी वाटी धुवून ठेवली आणि गेले.

मग दूध आटायला लागलं.

मला ते पोरीच्या आधी कळलं. छाती भरून यायची वेळ व्हायची आणि भरून येत नसे. पोर ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, मग माझ्या तोंडाकडं पाहून रडायची. गोवरातून उठलेलं अंग, हातापायांच्या काड्या झालेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढंच तिला तारेल. मी पाणी प्यायला बघायची, घोट घशाशी जायच्या आधी कळ यायची आणि सगळं बाहेर. उन्हाळा चढत होता, पत्रा दुपारी तापून कडकड वाजायचा. त्या उन्हात मी ओला पंचा पोरीच्या अंगावर टाकून तिला वारा घालत बसायची आणि तिच्या ओठांकडं पाहत राहायची.

तिला झोपवताना मी काहीबाही गुणगुणत असे. आता नाकातून हुंकार काढून पाहिला. ती एकदम थांबली, माझा चेहरा निरखून पाहिला आणि किंचाळली. गाल सुजले होते, ओठ पुढं आले होते, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. आवाज तिच्या आईचा नव्हता. ती माझ्या मांडीवरून मागं मागं सरकायला लागली. आपलं लेकरू आपल्याला पाहून घाबरतं हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगता येतही नव्हतं.

दाई आली तेव्हा पोर रडून रडून निपचित झाली होती. दाईनं तिच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खाली बसली होती. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर जागेवर गेली नाही.

"नोनी भूखी हे," ती म्हणाली. पोरगी उपाशी आहे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मोर बहू के दूध हे."

दाईच्या सुनेला तेव्हा मुलगा झालेला होता. पाच-सहा महिन्यांचा असेल, चांगला गुबगुबीत. ती दाईच्या मागोमाग आली होती आणि दाराबाहेर उभी होती, आत येत नव्हती. आत यायचं नाही हे तिला माहीत होतं. आमच्या लोकांत त्यांच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे. दाई माझ्या घरात यायची, तिनं माझं बाळंतपण केलं, औषध म्हणून कडुनिंबाचं पाणीही तोंडात सोडलं, पण माझ्या घागरीला ती हात लावत नसे. ते आम्ही कधी बोललो नव्हतो, तसं ठरलेलंच होतं.

पोरीचे बाबा नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी ते ऐकलं.

"थांबा," ते म्हणाले. "मी दूध आनतो कुठून तरी. गाईचं आनतो."

"गाईचं दूध पचेल का एला?" दाई आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाली. "पेट चली. मर जाही." जुलाब लागतील, मरेल.

ते दारात उभे होते. एका बाजूला ती सून, तिच्या पदराखाली ओल आलेली, आणि एका बाजूला मी. आम्ही गावी असतो, त्यांचे भाऊ आजूबाजूला असते, तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी उठले. उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली, भिंत धरली. पोरीला उचललं, बाहेर गेले आणि त्या मुलीच्या हातात दिलं. ती माझ्याहून लहानच होती. तिनं एकदा पोरीच्या बाबांकडं पाहिलं, एकदा सासूकडं, मग पाठ फिरवून आमच्या उंबऱ्यावर बसली.

पोर लागली. गिळण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी तिथंच खाली बसले. माझ्या छातीत एक ओढ आली, दूध उतरताना येते तशी, आणि उतरलं काहीच नाही.

पोरीचे बाबा खोलीत गेले. थोड्या वेळानं पितळी तांब्यात पाणी घेऊन बाहेर आले आणि तो तांब्या त्या मुलीच्या शेजारी ठेवला. "पी," म्हणाले. "पाजून तहान लागते." मग लगेच आत गेले.

दाई माझ्याजवळ आली. माझी हनुवटी वर केली, तोंड उघडायला लावलं. आतलं पाहून तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्या जबड्याखाली बोटं लावली. तिथं कडक गाठ झाली होती, मला ते कळलंच नव्हतं.

"डॉक्टर करा ले जा," ती पोरीच्या बाबांना म्हणाली. डॉक्टरकडे ने.

ते म्हणाले, "ही जातच नाही. मी किती म्हनलं."

दाईनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं. त्या बस्तीत तिनं किती बायांचे नवस पाहिले असतील. ती माझ्या समोर उकिडवी बसली.

"बेटी, माता डॉक्टर ला नइ रोके," ती सावकाश म्हणाली, मला शब्द न शब्द कळावा म्हणून. "तैं दे डारे. वो ले डारिस. बात खतम." तू दिलंस, तिनं घेतलं, संपलं. "अब जीभ तोर हे." आता जीभ तुझी.

मी रडायला लागले. रडताना तोंड उघडावं लागतं आणि तेच जमत नव्हतं, म्हणून ते रडणं नाकातून, घशातून कसंही येत होतं. तिच्याच घरी बसवलेल्या जवाऱ्यांच्या मिरवणुकीत, तिच्याच बैगानं हे केलं होतं. उद्या मला काही झालं असतं तर कॅम्पातली माणसं बस्तीवर चालून गेली असती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तिनं मला पाठवलं.

सिमेंट पोचवून रिकामा परत जाणारा एक ट्रक रस्त्यावर उभा होता. पोरीच्या बाबांनी ड्रायव्हरला हात जोडले. त्यानं मला पुढं बसवलं. पाठ टेकली की श्वास अडायचा, म्हणून मी पुढं वाकून, दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर टेकून बसले. प्रत्येक खड्ड्याला जबड्यातून कळ जायची. पोर मागं राहिली होती, दाईच्या सुनेजवळ. ट्रक हलला तेव्हा मला खात्री होती की मी आता परत येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर बंगाली होते, हिंदीत बोलत. त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, जेवढं उघडलं तेवढ्यातून पाहिलं आणि विचारलं, "किसने किया ये?"

मी पोरीच्या बाबांकडं पाहिलं. त्यांच्या मनात बैगाबद्दल काय होतं ते मला ठाऊक होतं. दोन दिवस ते घरात तेच पुटपुटत होते, त्याले पोलिसात देतो म्हणून.

"मन्नत थी," ते म्हणाले. "हमारी थी. लड़की बीमार थी."

डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही. रागावलेही नाहीत. मला खुर्चीत बसवलं, एका नर्सनं माझं डोकं मागून घट्ट धरलं, दुसरीनं दिवा धरला. खपली काढून त्यांनी जखम उघडली. त्यातून जे बाहेर आलं त्याचा वास त्या खोलीत भरला आणि डोकं धरलेल्या नर्सनं मान वळवली. दुखणं कसं होतं ते मला शब्दांत मांडता येत नाही. पण त्याच्या मागोमाग हलकंही वाटलं आणि थोड्या वेळानं नाकातून पुरेसा श्वास आला. मग पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू झाली.

मी तिथं बरेच दिवस होते. उशा रचून मला बसवूनच झोपवत, सूज खाली उतरावी म्हणून. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं मीठ, त्याच्या चुळा, काही पोटात गेलं की लगेच आणि मध्येमध्येही. चूळ भरायची म्हणजे खळखळ करायची नाही, पाणी तोंडात घेऊन मान इकडून तिकडे कलती करायची आणि पडू द्यायचं. मीठ पहिल्यांदा लागलं तेव्हा मी खाटेचा दांडा धरला. सुरईचं गार पाणी तोंडात धरून ठेवायचं, त्यानं ठणका दबायचा. जिभेला बोट लावायचं नाही, आरशात पाहून खपली काढायची नाही, चहा नाही, तिखट नाही. खायला थंड पेज, ताक, नंतर कुस्करलेलं केळ. नर्स मलयाळी होती. तिची हिंदी मला अर्धीच कळायची आणि मला बोलताच येत नव्हतं, म्हणून आमचं सगळं हातवाऱ्यांनी चाले. रोज सकाळी ती स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवायची, म्हणजे आता तू काढ. सुरुवातीला माझी दातांच्या पलीकडं येत नव्हती.

पोरीचे बाबा शिफ्ट सुटली की यायचे. पोरीला आणू देत नव्हते. तिथं तापाचे रोगी होते.

"पिते," ते सांगायचे. "मस्त पिते. काल हसली."

कोणाजवळ पिते ते दोघांनाही माहीत होतं. मी आडोसा करून छाती पिळून पाहायची. पहिल्यांदा चार थेंब यायचे, मग एक, मग नुसती दुखायची. नर्सनं एकदा मला ते करताना पाहिलं. तिनं माझा हात बाजूला केला आणि पदर नीट करून दिला.

घरी आले तेव्हा सूज गेली होती, जखम भरत आली होती. जिभेच्या मधोमध एक कडक गाठ उरली होती. दाईच्या सुनेनं पोरीला आणलं. पोर अंगानं भरली होती. मी हात पुढं केले, तिनं त्या मुलीच्या मानेत तोंड लपवलं. त्या मुलीला इतकं अवघडल्यासारखं झालं की ती पोरीला माझ्या अंगावर ढकलायलाच लागली. "जा, दाई करा जा," ती म्हणाली. आईकडे जा. पोर रडून निळी पडायची वेळ आली तेव्हा मीच खुणेनं सांगितलं, राहू दे.

त्यानंतरचे दिवस मला आजारपणापेक्षा वाईट आठवतात. मी रोज पोरीला छातीशी लावायची, ती तोंड फिरवायची. दाईनं मला मेथ्या, डिंक, काय काय खाऊ घातलं, मऊ करून, गार करून. दूध आलं नाही. बोलणंही धड येत नव्हतं. र म्हणायला गेलं की जीभ वर उचलायची नाही, ल आणि ट एकसारखेच यायचे. मी पोरीला राणी म्हणायची. आता तोंडातून लाणी यायचं, कधी तेही नाही. मी खोलीत एकटी असताना भिंतीकडं तोंड करून अक्षरं म्हणत बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलत राहा, नाहीतर जीभ ताठर होईल. भिंतीशी बोलायची, कारण पोरीसमोर तसं बोलून तिला पुन्हा घाबरवायची हिंमत नव्हती. एकदा पोरीचे बाबा अचानक आले आणि दारातून ऐकत राहिले.

"माह्याशी बोल नं," ते म्हणाले. "भिंतीशी काय बोलून राहिली."

मी म्हटलं, मला लाज वाटते. ते त्यांना तीनदा म्हणवून घ्यावं लागलं तेव्हा कळलं.

"मले नाही कळलं तं पुन्हा इचारीन," ते म्हणाले. आणि तसंच करायचे, हसायचे नाहीत.

असा उन्हाळा गेला. पोर दिवसातून चार वेळा बस्तीत जायची, पिऊन यायची आणि मधल्या वेळात माझ्याजवळ असायची. हळूहळू तिनं माझा नवा आवाज ओळखला. माझ्या कुशीत झोपायला लागली. दूध मात्र तिचं तिकडंच होतं, आणि मी मनाशी धरून चालले होते की हे असंच दोन वर्षं चालेल.

मग बस्ती उठायची बातमी आली. त्या जागेवरून कारखान्याचं काही जाणार होतं, रूळ की रस्ता, नक्की कोणाला माहीत नव्हतं. दाईच्या घरचे कुम्हारीकडं नातेवाईकांकडे जाणार असं ठरलं. दाईनं मला सांगितलं तेव्हा ती अंगणात कौलं उतरवून एकावर एक रचत होती. घर सोडायचं तर कौलं सोबत न्यायची, तिकडं पुन्हा लागतील. मी तिच्याजवळ बसून कौलं पुसायला लागले. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोपर्यंत जीभ बरी चालायला लागली होती, पण शब्द येईनात.

"दाई, पोरीचं कसं?" एवढंच मी म्हटलं.

"पेज दे," ती म्हणाली. "दाल के पानी दे. पहिली रोही. फेर खाही." आधी रडेल, मग खाईल.

ज्या सकाळी त्यांची बैलगाडी निघाली, त्या मुलीनं पोरीला आमच्या उंबऱ्यावर बसून शेवटचं पाजलं. तिचा मुलगा दाईच्या कडेवर होता, तो रडत होता, त्यालाही हवं होतं. तिनं आधी माझ्या पोरीला संपवू दिलं. मग उठली, माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे हात धरले. मी मोठी होते, पण पाया मीच पडायला पाहिजे होतं. ते मी केलं नाही, कारण कॅम्पातल्या बायका दारांत उभ्या होत्या आणि ती मुलगी त्यानं आणखीच अवघडली असती. मी तिच्या ओटीत तांदूळ आणि माझं एक लुगडं घातलं. दाईनं माझी हनुवटी धरून पुन्हा एकदा तोंड उघडायला लावलं. जिभेवरच्या गाठीला बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि गाडीत बसली.

त्यानंतर पोरीनं आकांत केला. दुपारी, संध्याकाळी, ज्या ज्या वेळेला ती तिकडे जायची त्या वेळेला ती दाराकडं सरपटत जायची आणि मागच्या बाजूला बोट दाखवायची. मागं तोवर माणसं भिंती पाडत होती. मी तिला कडेवर घेऊन खोलीत फेऱ्या मारायची. पेज तोंडाशी नेली की ती हातानं उडवून लावायची. पेज माझ्या अंगावर, तिच्या अंगावर, जमिनीवर. उपास घडले की काय होतं ते मी तिच्यात आधी पाहिलं होतं. मी पुन्हा तिच्या टाळूवर हात ठेवून पाहायला लागले. पोरीचे बाबा म्हणाले, आपण कुम्हारीला जाऊ, शोधू त्यांना. त्यांनी सुटीही मागितली. मी देवीला काही बोलले नाही. बोलायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी वरणाचं पाणी आणि भात एकजीव करून वाटीत घेतला. तिला न देता स्वतःच एक घास घेतला. त्यात मिठासोबत थोडं तिखटही गेलं होतं, माझ्या नकळत. जिभेच्या गाठीला ते झोंबलं आणि माझ्या तोंडाचं काहीतरी झालं असावं, कारण पोर रडायची थांबून माझ्याकडं पाहायला लागली. मी दुसरा घास घेतला. ती जवळ आली, माझ्या मांडीला धरून उभी राहिली आणि माझ्या तोंडात बोट घालून पाहायला लागली, आत काय आहे ते. मी बोटाला लागलेलं शीत तिच्या ओठांवर ठेवलं. तिनं ते चाटलं. मग मी बिनतिखटाचा भात तिच्यासाठी वेगळा कालवला. तिनं तीन-चार घास घेतले, एक थुंकला आणि माझ्या मांडीवर आडवी झाली.

पोरीचे बाबा आले तेव्हा ती झोपली होती. ते दारातच वाकून बूट काढत होते.

"खाल्लं का तिनं काही?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं," मी म्हटलं. "वलन-भात."

"काय भात?"

मी पुन्हा म्हटलं. या वेळी थोडं बरं आलं. ते हात धुवायला गेले आणि मी त्यांचं ताट वाढायला घेतलं.